उणे साठच्या खाली

ती गेली ते मला आधी मीटरवर दिसलं. कळलं नंतर.

त्या सकाळी मी हॉस्पिटलातून घरी आलो होतो. बायकोजवळ तिची धाकटी बहीण थांबली होती. तीच म्हणाली, "भावोजी, घरी जा, अंघोळ करा, चार घास खा. तुमच्याकडे बघवत नाही." मी अंघोळ केली. घास काही गेले नाहीत. स्वस्थ बसवत नव्हतं म्हणून मागच्या खोलीत गेलो.

मागची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. नाव मोठं आहे, खोली लहान. भिंतींना फोम, फोमच्या मागे जुन्या गाद्या, एकामागे एक दोन दारं, एक माईक, एक खुर्ची, एक संगणक. बायको तिथे बसून पुस्तकं वाचायची आणि मी ती रेकॉर्ड करायचो. लोक गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकतात ती ऐकायची पुस्तकं. आमचं घर त्यावरच चालायचं.

त्या दिवशी मला खोलीची शांतता रेकॉर्ड करायची होती. बाहेरच्या माणसाला हे येडेपणाचं वाटतं. वाचताना खोकला आला, पान वाजलं, की तेवढा तुकडा कापावा लागतो. कापला की तिथे खड्डा पडतो. तो बुजवायला त्याच खोलीची रिकामी शांतता लागते, अगदी मुकी शांतता लावली तर कानाला लगेच खटकतं. म्हणून मी माईक चालू केला आणि गप्प बसलो. माईक चालू झाला की दाराबाहेरचा लाल दिवा आपोआप लागतो. फोन मी आत नेतच नाही.

पडद्यावरच्या, आवाज मोजणाऱ्या मीटरची हिरवी पट्टी तळाला होती, जागच्या जागी थरथरत होती. रिकाम्या खोलीची ती तशीच असते. मग ती मध्येच वर उडायला लागली. थोडी वर, परत खाली. पुन्हा वर. मला वाटलं पाण्याचा पंप. पण पंपाचा आवाज एकसारखा असतो आणि हा तुटत होता. मी चिडलो. सगळी शांतता पुन्हा घ्यावी लागणार होती. कसला आवाज आहे ते बघायला हेडफोन कानाला लावला, तर दाराबाहेर कोणीतरी रडत होतं.

दार उघडलं. मेहुणी भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर ओढणी दाबून.

"आत का नाही आलीस?" मी विचारलं. पहिलं हेच विचारलं.

"लाल दिवा होता," ती म्हणाली.

या बाईने जन्मात तो दिवा पाळला नव्हता. दिवा लागलेला असताना दार ढकलून "ताई, चहा टाकू का गं?" असं विचारून तिने आमची किती वाक्यं नासवली असतील त्याला गणती नाही. मी फोन उचलेना म्हणून गाडी करून आली होती, तिच्याकडच्या किल्लीने घर उघडून आली होती, आणि दारात येऊन दिव्याला थांबली होती. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. माणसं आली, गेली. सगळ्यांनी मला बसायला सांगितलं. बसणंच जमत नव्हतं. मी स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून गॅलरीत, आणि मग का आलो ते विसरून परत स्वयंपाकघरात. चहा ठेवायचा, तो आटेपर्यंत दुसरीकडे जायचं, करपलेलं भांडं पाण्यात टाकायचं, नवीन भांडं घ्यायचं.

मीटरबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या मीटरवर शून्य सगळ्यात वर असतं. त्याच्या वर काही नाही. बाकी सगळा आवाज त्याच्या खाली, म्हणजे उण्यात मोजायचा. चांगलं वाचन सरासरी उणे वीसच्या आसपास चालतं, एखादा शब्द जोरात आला तर उणे सहापर्यंत जातो. शून्याला टेकलं की वर लाल ठिपका लागतो. त्याला क्लिप होणं म्हणतात. आवाजाच्या लाटेचं डोकं सपाट कापलं जातं आणि ऐकताना तिथे फाटका आवाज येतो. लाटेचा कापला गेलेला भाग कुठेच साठवलेला नसतो. तो परत मिळत नाही.

आणि मोजायचं एक नाही, दोन असतं. टाळी वाजवली तर पट्टी एकदम वर उडते, पण कान दुखत नाहीत. मिक्सर चालू ठेवला तर पट्टी तेवढी उडत नाही, पण घरातली सगळी माणसं ओरडून बोलायला लागतात. टाळी म्हणजे उडी, मिक्सर म्हणजे सततचा जोर. उडीचं मीटर वेगळं, जोराचं वेगळं. दोन्हींवर नजर ठेवायची, एवढाच माझा धंदा.

हे सगळं मी बायकोला लग्नानंतर सांगितलं होतं, फार हौसेने. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जन्मभर मला उण्यातच ठेवणार तुम्ही."

घरात मीटरचे शब्द रुळले ते तिच्यामुळेच. मी आवाज चढवला की ती म्हणायची, "अहो, हिरव्यात बोला." बहीण घरात शिरली की म्हणायची, "आला भोंगा. लाल लागला." मेहुणीचा आवाजच तसा आहे. ती कानात कुजबुजली तरी शेजारच्या घरात कळतं.

बायको गेली तेव्हा एक कादंबरी हातात होती. लांब पल्ल्याची बस चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट. चौदा प्रकरणं. त्यातली बारा वाचून झाली होती. पहिल्या आठ प्रकरणांपर्यंत तिचा आवाज तिचाच होता. नवव्यापासून आजार बोलायला लागला. तिला जोर लागेना. मग मी माईकचा गेन वाढवत गेलो, म्हणजे आवाज आत घेण्याचं प्रमाण. पण गेन वाढवला की नुसता माणसाचा आवाज वाढत नाही, खोलीही वर येते. त्यात फ्रिज. एरवी रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही फ्रिज बंद करायचो. परत चालू करायला विसरायचो, दूध फाटायचं, मग एकमेकांवर ढकलायचो. पण आता फ्रिजमध्ये तिची इंजेक्शनं होती. तो बंद करून चालणार नव्हतं. तेव्हा नवव्यापासून पुढे तिच्या प्रत्येक वाक्याच्या मागे फ्रिज गुरगुरतो.

दोघांनाही ते माहीत होतं. ती म्हणाली होती, "असू दे. बरी झाले की पुन्हा वाचीन. आत्ता पुढे जाऊ." म्हणून आम्ही पुढे गेलो.

मी ती बारा प्रकरणं ही पुस्तकं काढणाऱ्या कंपनीला तशीच पाठवली. काही दिवसांनी तिथल्या संपादक बाईंचा फोन आला. चांगली बाई आहे. आधी बराच वेळ माझीच चौकशी केली, जेवता का, घरी कोण असतं. मग म्हणाली, "पहिली आठ पास झालीत. नऊ ते बारा तपासणीत अडकलीत."

"शांततेवरून?"

"हो. दोन वाक्यांच्या मध्ये उणे साठच्या खाली हवं ना, ते उणे बावन्न येतंय. सॉफ्टवेअर पुढे जाऊच देत नाही. आणि शेवटची दोन नाहीतच."

"नाहीत," मी म्हणालो.

"मग आमच्या लोकांचं म्हणणं पडतंय की पुस्तक दुसऱ्या वाचकाकडून पहिल्यापासून करून घ्यावं. एकच आवाज राहील. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलंय. पण फार थांबवता येणार नाही मला."

"म्हणजे तिची आठही जाणार?"

ती बाई म्हणाली, "अर्धं पुस्तक काढता येत नाही हो."

फोन ठेवला आणि मी उभाच राहिलो. तिची बाकीची पुस्तकं आहेत, बरीच आहेत. पण हे तिने दुखत असताना वाचलं होतं. उशी पाठीला लावून, एका पानानंतर डोळे मिटून, परत उघडून. हे पुसलं जाणं मला चालणार नव्हतं. बाकी काहीही चाललं असतं.

आवाज साफ करायची साधनं असतात. ती लावून बघितली. फ्रिज गेला, पण तिचा आवाज नळात तोंड घालून बोलल्यासारखा झाला. कमी लावलं तर फ्रिज राहायचा. जास्त लावलं तर तिच्या शब्दांची शेवटची अक्षरं गळायची. एक बटण सरकवायचं, ऐकायचं, उठायचं, गॅलरीत जायचं, परत येऊन तेच बटण पहिल्या जागी आणायचं. सगळा दिवस असा जायचा.

एका दुपारी मेहुणी आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "भावोजी, मी वाचते."

"काय वाचतेस?"

"ताईचं पुस्तक. नववीपासून."

"नववं प्रकरण म्हणतात."

"तेच ते. फोनवर लोक आम्हाला एकमेकींच्या नावाने हाक मारायचे. आवाज एकच आहे आमचा. तिची आठ राहतील, पुढची माझी. कुणाला कळणारसुद्धा नाही."

फोनवर लोक फसायचे हे खरं होतं. मी स्वतः दोनदा फसलो होतो, लग्नाआधी, आणि नको ते बोलून बसलो होतो. मी संपादक बाईला विचारलं. ती म्हणाली नमुना पाठवा.

तेव्हा मेहुणीला खुर्चीत बसवलं. बायको वाचायला बसण्याआधी आंबट सफरचंदाची फोड खायची, तोंड चिकट होत नाही. मेहुणीने अख्खं सफरचंद खाल्लं.

"कुठे बघून बोलू?"

"माईककडे. एवढी पुढे नको, एक वीत लांब."

"आणि ही पट्टी कसली वर-खाली होतेय?"

"तुझा आवाज आहे तो. हिरव्यात ठेव."

"मी अजून बोलले कुठे?"

"आत्ता बोललीस ते लाल गेलं."

ती हसली. तेही लाल गेलं. "ताई मला भोंगा म्हणायची ते तुम्हीच शिकवलं असणार."

"तिने तुझ्या जन्मापासून ठेवलं होतं. मला आयतं मिळालं."

मी चाचणी घेतली. चाचणीत सगळेच शहाण्यासारखे बोलतात. तीही बोलली, हळू, गोड. मग खरं वाचन सुरू झालं. नवव्या प्रकरणात ती बसवाली बाई एका दारुड्या उतारूला मधल्या रस्त्यात उतरवते. मेहुणीने "उतर खाली!" असं म्हटलं आणि मी हेडफोन काढून फेकला.

"काय झालं?"

"ये, बघ." मी तिला पडद्यावर लाट दाखवली. बाकीच्या लाटेला टोकं होती, तेवढ्या जागी कात्रीने छाटल्यासारखी सपाट होती.

"मग करा ना खाली. बटण आहे की तुमच्याकडे."

"आता खाली करून काय होणार? कापलं ते कापलं. खाली केलं तर फाटका आवाज लहान होऊन ऐकू येईल, एवढंच."

मी गेन कमी केला. तिला पुन्हा बसवलं. पण आता तिचं सगळं लक्ष पट्टीकडे. एक डोळा पुस्तकात, एक डोळा पट्टीवर. पट्टी जरा पिवळी झाली की ती घाबरून आवाज गिळायची. पूर्ण पान तिने असं वाचलं आणि एकदाही लाल लागला नाही. मान वर करून म्हणाली, "बघा! पास."

"पास आहे," मी म्हणालो. "पण असं उतर खाली म्हणालीस तर तो दारुडा पाय पसरून झोपेल."

तिने पुस्तक मिटलं. जरा वेळ बोटं कव्हरवर फिरवत बसली.

"मग तुमच्या मनात काय आहे? ताईचीच ठेवायची ती चार प्रकरणं?"

"जमलं तर."

"मी ऐकलंय बारावं. तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा लावलं होतं. भावोजी, ती त्यात मरतेय. एकेक शब्द ओढून काढतेय. हे तुम्ही लोकांना ऐकवणार? भांडी घासता घासता ऐकायला?"

"तिने वाचलंय ते."

"तिने बरी झाल्यावर परत वाचीन म्हणून वाचलंय! मला सांगितलं होतं तिने. हे फेकून देणार होती ती. तुम्हाला हवंय म्हणून तुम्ही—"

"हिरव्यात बोल," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. पंधरा-वीस वर्षांच्या सवयीने गेलं. पण ते शब्द बायकोचे होते आणि आता ते घरात कोणीच बोलत नव्हतं. मेहुणी एकदम थांबली. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेली. सफरचंदाचा गाभा टेबलावर राहिला.

मला राग आला होता. ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं म्हणून जास्त आला होता. मी फ्रिज उघडला, बंद केला. इंजेक्शनांचा खोका अजून आत होता. काढून कुठे ठेवायचा ते सुचत नव्हतं.

मग मला युक्ती सुचली. तपासणीचं सॉफ्टवेअर शांतता कुठे मोजतं? दोन वाक्यांच्या मध्ये. वाक्य चालू असताना मागे फ्रिज गुरगुरला तरी त्याला कळत नाही, कारण वर आवाज असतो. म्हणजे फक्त मधल्या जागा साफ असल्या की झालं. पहिल्या प्रकरणाच्या वेळची स्वच्छ शांतता माझ्याकडे होती, फ्रिज बंद असतानाची. उणे पासष्ट. नवव्या प्रकरणापासून दोन वाक्यांमधली प्रत्येक जागा कापायची आणि तिथे ती जुनी शांतता बसवायची.

किती जागा होत्या ते मोजलं नाही. कापायचं, बसवायचं, कडा जुळवायच्या, पुढे जायचं. हाताला काम मिळालं. त्या दिवसांत मी पहिल्यांदा चहा न करपवता केला. ऐकत नव्हतो मी. नुसतं बघत होतो, लाट आणि पट्टी. वाक्य, जागा, वाक्य, जागा. चारही प्रकरणं केली, तिच्या आवाजाचा सततचा जोर पहिल्या आठांच्या बरोबरीला आणून ठेवला, उड्या उणे चारच्या वर जाऊ दिल्या नाहीत. मग तपासणीला टाकलं. जोर पास. उडी पास. शांतता पास. चारही प्रकरणांपुढे हिरवी खूण आली.

मी लगेच मेहुणीला फोन केला. भांडण झालेलं विसरलोच होतो. म्हणालो, "ये. झालं ते. आता ती मरतेय असं वाटणार नाही तुला."

ती आली. खांद्यावरची पिशवी काढली नाही, बसली नाही, दाराशीच उभी राहिली. मी बारावं लावलं, मोठ्या स्पीकरवर. बायकोचा आवाज खोलीभर झाला. आधी जसा असायचा तेवढाच मोठा, स्वच्छ. रात्रीचा घाट, बसमध्ये झोपलेली माणसं, आणि ती बाई एकटी जागी. मी मेहुणीच्या तोंडाकडे बघत होतो. तिचं तोंड आधी सैल झालं. मग तिच्या कपाळावर आठी आली. ती आठी जाईना.

एक पान झालं असेल. ती म्हणाली, "भावोजी, ताई श्वास कधी घेते?"

"काय?"

"श्वास. ती श्वास घेतच नाहीये."

मी मागे नेलं, पुन्हा लावलं. वाक्य. जागा. वाक्य. जागा. जागेत उणे पासष्टची सुंदर शांतता. श्वास वाक्यांच्या मध्ये घेतला जातो. मी त्या सगळ्या जागा कापल्या होत्या. फ्रिजबरोबर तिचे श्वासही गेले होते, चारही प्रकरणांतले, एकूण एक. मीटरवर ते कुठेच दिसलं नसतं. मीटरच्या दृष्टीने सगळं हिरवं होतं.

मी आवाज बंद केला.

मेहुणी खुर्चीत बसली, बायकोच्या. "बंद का केलंत? एवढं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं."

"नको."

"मला ते पहिलं बारावं ऐकवत नव्हतं," ती म्हणाली. तिच्या मानाने फार हळू बोलत होती. "पण हे त्याहून वाईट आहे. त्यात निदान ती होती. आहे का ते अजून, का पुसलंत?"

"मी मूळ कधीच पुसत नाही."

"मग घाला परत."

"घातले तर शांतता नापास होईल. श्वासाबरोबर फ्रिज येतो."

"येऊ दे. फ्रिज चालू होता तर चालू होता. तिची इंजेक्शनं होती त्यात, चोरून थोडाच चालू ठेवला होता?"

मी म्हणालो, "कंपनी घेणार नाही."

"विचारा तर."

तिच्यासमोरच संपादक बाईला स्पीकरवर फोन लावला. काय सांगायचं ते जुळवून ठेवलं नव्हतं, त्यामुळे उलटसुलट सांगितलं. चार प्रकरणं पास झालीत, पण ती पास झालेली मला द्यायची नाहीत, नापास होतील अशी द्यायची आहेत. बाई म्हणाली, "थांबा, थांबा, मला नीट कळू द्या." मेहुणीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "अहो, यांनी माझ्या बहिणीचे श्वास कापलेत. ते परत घालायचेत. तेवढंच." शेजारच्या घरातही कळलं असणार.

संपादक बाई म्हणाली, "घाला. सॉफ्टवेअर मी बाजूला ठेवते, स्वतः ऐकते. वरच्यांशी काय बोलायचं ते बघते. कबूल करत नाही, ऐकते म्हणतेय. आणि चौदाच्या चौदा हवीत. शेवटची दोन कोणाच्या आवाजात देणार ते मला सांगा. नाहीतर दुसरा वाचक पहिल्यापासून सुरुवात करेल, ते मग माझ्या हातात नाही."

"माझ्या," मेहुणी म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "लाल लावशील."

"लागू दे. मी ताईसारखं वाचणार नाही. आवाज एकच वगैरे काही नाही, ते फोनपुरतं. मी माझ्यासारखं वाचणार. तुम्ही ते गेन की काय ते खाली ओढून ठेवा आणि ती पट्टी माझ्यासमोरून हलवा."

पट्टी हलवणं हे मला आधीच सुचायला हवं होतं. मी पडदा फिरवून माझ्याकडे केला.

"मग बसू आत्ता?" मी विचारलं.

"आत्ता नाही. आधी तुम्ही ताईचं पुरं करा. तिचं अर्धं पडलेलं असताना मला पुढचं वाचवणार नाही." जाताना तिने फ्रिज उघडला, इंजेक्शनांचा खोका काढला आणि पिशवीत टाकला. कुठे नेते ते मी विचारलं नाही.

आता मी श्वास परत बसवतोय. हे काम कापण्याइतकं सोपं नाही. कापताना बघून चालत होतं, आता ऐकावं लागतं. मूळ रेकॉर्डिंगमधून श्वास उचलायचा, तो सुरू व्हायच्या जरा आधी फ्रिज हळू आत आणायचा, संपला की हळू बाहेर न्यायचा, म्हणजे झटका बसत नाही. मग मीटरवर त्याची उंची बघायची. नवव्यातले श्वास लहान आहेत, वाक्याच्या पायथ्याशी. दहाव्यात ते थोडे उंच झालेत. अकराव्यात काही ठिकाणी एकाच जागेत दोन आहेत. माझं बोट कधीकधी त्यांची उंची कमी करायला जातं. धंद्याचा हात आहे तो, जास्त दिसलं की खाली दाबतो. मग मी उठतो, एक फेरी मारतो, परत येऊन जेवढी होती तेवढी करतो.

सलग बसणं अजून होत नाही. पाच-दहा श्वास झाले की गॅलरीत जातो. खालच्या रस्त्यावरून गाड्या जातात, कोणीतरी कोणाला हाका मारत असतं, मी मनातल्या मनात त्या हाकेची पातळी लावतो. उणे तीस. उणे पंचवीस. मग लक्षात येतं की आत काम उघडं पडलंय.

मूळ बारावं मी नुसतं उघडून बघितलं आणि बंद केलं. त्यात शब्दाची पट्टी आणि श्वासाची पट्टी मीटरवर जवळजवळ सारखी आहे. शब्द कुठला, श्वास कुठला ते काही ठिकाणी बघून सांगता येत नाही.

संपादक बाईला नववं आणि दहावं पाठवलंय. तिचं उत्तर यायचंय. मेहुणी परवा येऊन विचारून गेली, कुठपर्यंत आलं. मी म्हणालो, अकराव्यात आहे.

अकरावं निम्मं झालंय. बाराव्याला हात लावलेला नाही. तेरावं आणि चौदावं वाचायचं राहिलंय.